लग्नात उठणारं पित्त

रस्सा पातळ झाला होता. खरं तर झालं होतं ते एवढंच. आखाडातली त्र्यंबोलीची जत्रा, मंगळवार पेठेत हंबीररावांच्या घरी मटणाचं जेवण, आणि त्यांची बायको शालन हिनं केलेला पांढरा रस्सा पळीवरून पाण्यासारखा ओघळत होता. दुसऱ्या गावात लोकांनी तो मुकाट ओरपला असता. कोल्हापुरात पातळ रस्सा म्हणजे घराण्याची बेअब्रू. त्यात पुण्याचे पाहुणे हॉलमध्ये येऊन बसलेले. पुणेकराला पातळ रस्सा वाढायचा म्हणजे किल्ल्याच्या किल्ल्या आपणच शत्रूच्या हातात द्यायच्या. शालन पाणी ठेवायला बाहेर गेली, तेवढ्यात हंबीररावांनी फ्रिज उघडला, दुसऱ्या दिवशीच्या भाजीसाठी काढून ठेवलेली काजूच्या वाटणाची वाटी पातेल्यात उपडी केली आणि ढवळलं. रस्सा दाट झाला. घराण्याची अब्रू वाचली.

थोरली बहीण तेवढी वाचायची राहिली होती.

ही थोरली बहीण म्हणजे आक्का. कागदावरचं नाव चिमणाबाई. पण देह असा, की रिक्षात ती बसली की दुसरी सवारी आपण होऊनच खाली उतरते. गंगावेशीत तिच्या म्हशी आहेत. संध्याकाळी ती त्यांना कट्ट्यावर घेऊन येते आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळता पेला हातात देते. दुधात पाणी आहे का, असं आजवर तिला कुणी विचारलेलं नाही. म्हशीनं विचारलं तर गोष्ट वेगळी.

आक्काला काजू चालत नाही, हे हंबीररावांना पक्कं ठाऊक होतं. पण त्यांच्या लेखी काजू म्हणजे बशीत दिसतो तो. वाटून रश्शात गेला की तो काजू राहत नाही, रस्साच होतो, अशी त्यांची साधी समजूत. आणि आक्कानं तर जेवायला बसण्याआधी शालनला विचारूनही घेतलं होतं. शालन खरं तेच म्हणाली होती, की खोबरं, तीळ नि खसखस, बाकी काही नाही. ती म्हणाली तेव्हा ते खरंच होतं.

दोन घोट झाले आणि आक्कानं वाटी खाली ठेवली. ओठ चुरचुरू लागले, मानेवर गांधी उठल्या. लगेच सगळ्यांना आपापलं वैद्यक आठवलं. शेजारीण आमसुलाचं पाणी अंगाला चोळायला धावली. कुणीतरी मीठ-मोहऱ्या शोधू लागलं, कारण पुण्याच्या पाहुणीनं आल्या आल्या आक्काच्या तब्येतीचं कौतुक केलं होतं. हंबीरराव धीर देत होते, की पित्त आहे, जरा पड, उतरेल.

"पित्त न्हाय ह्ये," आक्का म्हणाली. एरवी तिचा आवाज रंकाळ्यापर्यंत जायचा. आता तो समोरच्या ताटापर्यंतही पोचत नव्हता. "घसा आवळाय लागलाय. गाडी काढ. आन् रश्शात काय वतलंस त्ये सांग."

हंबीररावांनी सांगितलं. आक्कानं शिवी दिली नाही, तेव्हा त्यांना पहिल्यांदा खरी भीती वाटली. गाडीत तिनं एकच बजावलं, की दवाखान्यात गेल्या गेल्या काजू पोटात गेलाय म्हणून सांग, लाजत बसू नकोस. अंगाला खाज सुटली तर गोळी चालते. पण घसा धरला, धाप लागली, की गोळीची वाट बघत बसायचं नाही, सरळ इंजेक्शन गाठायचं, हे तिला डॉक्टरीणबाईंनी शिकवून ठेवलं होतं. मांडीत इंजेक्शन बसलं आणि थोड्या वेळानं श्वास मोकळा झाला. हंबीररावांनी लगेच घरी जायची भाषा काढली. पाहुणे ताटावर खोळंबलेत, असंही म्हणून पाहिलं. आक्का पलंगावर मांडी ठोकून बसली. हे दुखणं गेलं म्हणता म्हणता पुन्हा उलटू शकतं, त्यामुळं आज इथंच मुक्काम. उतावीळ असेल त्यानं जाऊन रस्सा प्यावा.

त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून हंबीररावांनी आपल्या बहिणीविषयी आयुष्यात पहिल्यांदा नीट विचार केला. हे दुखणं तिनं शोधून कसं काढलं, ती हकिगत ते आजवर चेष्टेनं सांगत आले होते. आता ती त्यांना चेष्टेची वाटेना.

काही वर्षांपूर्वी आक्काच्या अंगावर असंच अधूनमधून पित्त उठू लागलं. सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं वांगं सोड, तिनं सोडलं. तूरडाळ सोड, तीही सोडली. एकानं म्हशी सोडायला सांगितल्या, तेव्हा तिनं त्या माणसालाच सोडलं. खाणं कमी होत गेलं, पित्त होतं तिथंच. मग एके दिवशी शेण भरता भरता तिच्या डोक्यात आलं, की हे पित्त लग्नात उठतं, बारशाला उठतं, साखरपुड्याला तर हमखास उठतं. पण मयताच्या जेवणात कधी उठत नाही. दिवसकार्याला इतक्या ठिकाणी जेवली, कधी एक गांधी आली नाही. नजर म्हणावी तर ती बाराव्याला का लागत नाही? पित्तच असेल तर त्याला आनंद आणि दुःख कळतं कसं? तेव्हा लग्नाच्या पानात आहे आणि दिवसांच्या पानात नाही, असं काय, ते धरलं पाहिजे. पुलाव, बर्फी, शाही भाजी, पांढरा रस्सा. सगळ्यांच्या पोटात एकच चोर निघाला.

हा तपास तिनं डॉक्टर त्रिशला मगदूम यांना ऐकवला, तेव्हा बाईंना हसू आवरेना. हसून झाल्यावर त्यांनी आक्काच्या हातावर निरनिराळ्या थेंबांतून बारीक टोचून पाहिलं. काजूच्या थेंबाखाली चांगला टपोरा फोड आला. बाईंनी पिस्ताही वर्ज्य केला, कारण ते दोघं चुलतभाऊच. धुळीलाही थोडा फोड आला. गोठ्यात कडबा झाडताना सटासट शिंका का येतात, तेही उमगलं. म्हशी विकायचा विषय आक्कानं काढू दिला नाही. तेव्हापासून ती कडब्यावर आधी पाणी शिंपडते, तोंडाला फडकं बांधते आणि मग पेंढी सोडते. म्हशी पहिल्यांदा बुजल्या, मग त्यांनी तिला फडक्यासकट ओळखायला सुरुवात केली.

काजूचं प्रकरण मात्र एवढं सोपं नव्हतं. लेक आजऱ्याला, काजूच्या मुलखात दिलेली, व्याही दरसाल प्रेमानं काजूची पिशवी धाडायचे. आक्कानं त्यांना निरोप दिला, की काजू नको, तिकडचा घनसाळ तांदूळ धाडा. व्याही महिनाभर घुश्शात होते. मग तांदूळ आला. लग्नाकार्यात ती पानावर बसण्याआधी आचाऱ्याकडे जाऊ लागली. "काजू हाय का?" असं ती कधीच विचारत नाही, कारण त्याला सगळे "न्हाय" म्हणून मोकळे होतात. ती विचारते, "रस्सा कशानं दाट केलासा?" आणि आचारी आपल्या हुशारीचं वर्णन करता करता खरं ते सांगून टाकतो. लोक चिडायचे, आमच्यावर भरवसा नाही का म्हणायचे. ती ऐकून घ्यायची आणि फडक्यात बांधून आणलेली आपली भाकरी सोडायची.

जत्रेच्या त्या प्रकारानंतर डॉक्टरांनी तिला जवळ बाळगायला इंजेक्शन दिलं आणि टोचायचं कसं, ते भावालाही शिकवलं. आक्कानं म्हशींना सुया टोचताना पाहिलेलं, तिला काही वाटलं नाही. हंबीररावांना मोसंब्यावर सराव करतानाच घाम फुटला. पण शिकले.

भावाच्या घरी जेवणं मात्र तिनं थांबवलं. रुसवा नाही, फुगवा नाही. भाऊबीजेला आली, ओवाळलं, ओवाळणी घेतली, आणि मग पिशवीतून आपला डबा काढून त्यांच्याच डायनिंग टेबलावर जेवली. वर शालनला लोणचं मागितलं, त्यात काजू नसतो म्हणून. तिनं आदळआपट केली असती तर हंबीररावांनी निभावून नेलं असतं. हा डबा त्यांना गिळवेना. बहीण भावाच्या दारात डबा घेऊन येते, हे साऱ्या पेठेला कळलं होतं. उद्यमनगरातल्या त्यांच्या वर्कशॉपात लेथवरची पोरंसुद्धा विचारू लागली, की आक्कांचा डबा सुटला का.

यंदाचा आखाड जवळ आला तसा हंबीररावांनी पण केला, की आक्का माझ्या घरचं जेवली पाहिजे. घरातला काजू त्यांनी शेजारीपाजारी देऊन टाकला. मिक्सरचं नवं भांडं आणलं, नवी पळी आणली. बर्फीचा पुडा घेऊन आलेल्या मेहुण्याला त्यांनी पुड्यासकट जिन्यावरूनच परत पाठवलं. मेहुणा अजून बोलत नाही. जत्रेदिवशी आक्का सकाळीच आली. सरळ स्वयंपाकघरात शिरली. तिथं तिची नि शालनची बराच वेळ खुडबुड चालली, हंबीररावांना आत येऊ दिलं नाही.

पंगत बसली. पुण्याच्या पाहुण्यांनी वाटी तोंडाला लावली आणि रस्सा यंदा जरा पातळ आहे का हो, असं गोड आवाजात विचारलं. हंबीररावांची कानशिलं तापली.

"पातळच हाय पावणं," ते म्हणाले. "आमच्या घरात आता असाच असतोय."

आक्कानं पिशवीला हात घातला नाही. वाटी उचलली, एक घोट घेतला, थांबली, दुसरा घेतला. मग भाकरी कुस्करली आणि पुन्हा रस्सा मागितला. हंबीररावांनी आपल्या वाटीला हातही लावला नव्हता. ते तिच्या ओठांकडेच बघत होते. ओठ होते तसेच होते. ताट स्वच्छ झालं तसा त्यांना गहिवरून आलं. पाटावरून सरकत ते तिच्याजवळ गेले आणि हळूच म्हणाले, की आक्का, बसला न्हवं भरवसा पुन्यांदा माज्यावर?

"तुज्यावर कुटला?" आक्का बोटं चाटत म्हणाली. "पातेलं मी सवता घासलंय, म्हणून जेवलो."