चढले एकोणीस, उतरले वीस

पाच मिनिटांच्या होडीत कुणी लांब गोष्ट सुरू करत नाही. अर्धी राहिली तर दुसऱ्या दिवसापर्यंत घशात अडकते. म्हणून आमच्या सकाळच्या अब्रावरचे किस्से सगळे आखूड, आणि आखूड असल्यामुळेच एकावर एक साठत गेलेले. अब्रा म्हणजे बर दुबईहून खाडीपलीकडे देऱ्याला जाणारी लाकडी होडी. मधोमध लांब बाक, त्यावर पाठीला पाठ लावून वीस माणसं, आणि पायांपासून हातभरावर पाणी.

मी इंग्लंडहून शिकून आले ती डोक्यात एक वेड घेऊनच. ह्या शहरातल्या माणसांना गाड्यांतून बाहेर काढून पाण्यावर आणायचं! नोकरीही तशीच मिळाली. अब्रावर किती चढतात, किती उतरतात ते मोजायचं. हातात क्लिकर. अंगठ्याने दाबलं की आकडा एकाने पुढे.

*

मोजण्याचा धडा तिकडचाच. मी शिकत होते त्या समुद्रकाठच्या गावातून समोरच्या गावाला एक छोटी फेरीबोट जायची. तिचा म्हातारा नावाडी चढणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्याला बोट लावून मोजायचा. कुत्रा असला तर कुत्रासुद्धा. पलीकडे उतरताना पुन्हा तेच.

एकदा पावसात भिजत उभं राहून मी वैतागले. इतक्याशा अंतरात माणूस हरवणार कुठे, असं त्याला विचारलं.

तो म्हणाला, "कमी झाला तर शोधता येतो. वाढला तर काय करायचं?"

बोटीतले सगळे हसले. तो हसला नाही.

*

आमच्या अब्राचे चालक शफीकभाई. नियम असा की वीस भरले की निघायचं. पण पावणेआठच्या फेरीला ते एकोणिसावरच इंजिन सुरू करायचे. बाकावर एक जागा रिकामी, काठावर माणसं उभी, आणि हे म्हणायचे, "फुल है, यल्ला!" यल्ला म्हणजे अरबीत 'चला'.

पहिल्याच आठवड्यात मी भांडले. सार्वजनिक वाहतूक, प्रत्येक जागेचं मोल, सगळं ऐकवलं. त्यांनी शांतपणे बाकाच्या टोकाकडे बोट केलं. तिथे शेंडेकाका बसले होते. शेजारच्या जागेवर त्यांनी घडी केलेलं वर्तमानपत्र ठेवलं होतं.

"काका रोज दो का देते हैं," शफीकभाई म्हणाले.

शेंडेकाकांचं देऱ्यात बटणं, लेस आणि अस्तराचं दुकान. तीस वर्षं ते आणि सुमनकाकू ह्याच फेरीने दुकानात जायचे. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. काका दोघांचं भाडं देत राहिले.

मी ओशाळले. नोंदवहीत 'चढले एकोणीस' लिहिलं. देऱ्याला सगळ्यांच्या आधी उतरले आणि धक्क्यावर उभी राहून उतरणारा एकेक माणूस क्लिक केला. स्वतःला धरून आकडा आला वीस.

क्लिकर बदलला. हात बदलला. एकदा बोटांवर मोजलं. त्या एका फेरीला रोज वीस. साहेब म्हणाले, मशीन खराब असेल, ती ओळ गाळून टाक. मी बाणेदारपणे सांगितलं की मी आकडे गाळत नाही आणि बदलतही नाही. जे दिसलं तेच लिहिणार.

*

ह्याच फेरीला शुभांगीताई असते. देऱ्यातल्या एका दातांच्या दवाखान्यात ती रिसेप्शनला आहे. शाळेला सुट्टी होती तेव्हा एकदा तिने इराला, आपल्या सहा वर्षांच्या मुलीला, सोबत आणलं. इराची ती पहिलीच खेप. खाडीच्या मध्यावर तिने आईची ओढणी ओढली आणि काकांच्या बाजूला बघत विचारलं, "मम्मा, व्हाय इज दॅट आजी सिटिंग विथ हर फीट अप?"

शुभांगीताईचा चेहरा उतरला. तिने इराला जवळ ओढलं. धक्क्यावर आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "मुक्ता, सुमनकाकूंना पाण्याची फार भीती. पाय खाली सोडायच्याच नाहीत. तीस वर्षं बाकावर मांडी घालून गेल्या. मी हे घरी कधी बोललेसुद्धा नाही गं."

*

जानेवारीत एका सकाळी खाडीवर दाट धुकं उतरलं. मध्यावर शफीकभाईंनी इंजिन बंद केलं. दुसरी होडी अंगावर आली तर आवाज कळावा म्हणून सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. दोन्ही काठ नाहीसे झालेले. कुणी हलत नव्हतं.

तेवढ्यात बाकाचं टोक करकरलं. कुणी जागेवर सावरून बसावं तसं.

काका अगदी हळू म्हणाले, "घाबरू नकोस. आलंच देरा."

मला वाटलं, ते शुभांगीताईशी बोलले. तिला वाटलं, माझ्याशी. आम्ही दोघी एकदमच "नाही काका" म्हणालो. काकांनी आमच्याकडे बघितलंही नाही.

*

त्या दिवशी न राहवून मी त्यांना आकड्यांचं सांगितलं. वाटलं, रागावतील. ते वही उघडून बराच वेळ एकेक तारीख बघत राहिले. नंतर रोज उतरल्यावर थांबायचे आणि विचारायचे, "आज किती?" मी म्हणायचे, वीस. ते मान हलवून दुकानाकडे चालू लागायचे.

मग काकांच्या पुण्यातल्या मुलाने, आता इकडेच या म्हणून, हट्टच धरला. दुकान विकलं, व्हिसा रद्द झाला, पुण्याचं तिकीट आलं. शुभांगीताई म्हणाली, बरं झालं काका, नातवंडांत रमाल. ते म्हणाले, "माझं काही नाही गं. ती इथे कुणाच्या भरवशावर बसेल? पाण्यात एकटी?"



*

जायच्या दिवशी सामान भाच्याच्या गाडीतून पुढे गेलं. विमानतळ देऱ्याच्याच बाजूला. पण काका अब्रानेच आले. खांद्याला एक पिशवी, हातात वर्तमानपत्र. शफीकभाईंनी भाडं घेतलं नाही. एकोणीस झाल्यावर नेहमीसारखं "फुल है" म्हणाले, पण 'यल्ला' म्हणाले नाहीत.

देऱ्याला मी आधी उतरले आणि मोजायला लागले. सतरा. अठरा. शेवटी काका उतरले. एकोणीस.

मी होडीकडे बघितलं. बाक रिकामा. पुन्हा क्लिकरकडे बघितलं. एकोणीस.

काका समोर येऊन थांबले. "आज किती?"

मी म्हणाले, "वीस."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि भाच्याच्या गाडीत जाऊन बसले. मी धक्क्यावरच उभी राहिले. वहीत काय लिहावं ते कळेना. ती ओळ तशीच कोरी ठेवली.

दुपारी ऑफिसात फोन वाजला. काकांचा व्हॉइस मेसेज होता. मागे विमानातला गलका, आणि काकांचा आवाज हलका, जवळजवळ हसरा.

"मुक्ता, अजून इथेच उभे आहोत. दार लावून झालंय, पण ती एअर होस्टेस तुझ्यासारखंच यंत्र घेऊन तिसऱ्यांदा सगळ्यांना मोजतेय. एक माणूस जास्त येतोय म्हणे."