गिरणीवाल्या काकूंचा फुटबॉल

पेठेतल्या गिरणीवाल्या काकूंकडे रविवारी दुपारी दळण न्यायचं, तर थांबायची तयारी ठेवावी लागायची. आमच्या भागातल्या रेडिओवर गावोगावच्या फुटबॉल मॅचचं समालोचन लागलं, की त्या सरळ गिरणीच बंद करत. भुवयांवर पीठ तसंच, आणि कान रेडिओला. कोणी कुरकुरलं तर म्हणत, "ज्वारी कुटं पळून चाललीय का?" मॅच मात्र त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती.

यंदा रेडिओनं खर्चाचं कारण देऊन समालोचन बंद केलं. पोरं चौकात चिडून बोलली आणि गप्प झाली. काकूंनी थेट रेडिओ केंद्राला फोन लावला. आता फुटबॉल कोणी ऐकत नाही, असं तिकडून सांगितलं.

"मी ऐकते की," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या रविवारी मी बाजरीचा डबा घेऊन गेलो, तर त्या गिरणीला कुलूप लावत होत्या.

"चला भाऊ, मॅच बघाया."

मी डब्यासकट मागे निघालो. वाटेत दळणाला निघालेल्या दोघी भेटल्या, त्यांनाही काकूंनी मैदानाकडे वळवलं.

मैदानाच्या कडेला उभं राहून त्यांनी या गोलपासून त्या गोलपर्यंत नजर फिरवली. "रेडिओत लई मोठं वाटत व्हतं," एवढंच म्हणाल्या. मग पदर खोचला, आणि पहिलाच पास चुकल्यावर अशी हाक मारली, की पलीकडचा गोलकीपरही वळून बघायला लागला.

मॅच संपल्यावर मी विचारलं, "रेडिओवर परत सुरू झालं तर?"

"व्हऊ दे की. लोक ऐकतील. मी आता हितंच असनार."