मामांनी न म्हटलेलं वाक्य

माझे मामा कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. स्वयंपाकघरातून मामी ओरडली, "अहो, दूध उतू जातंय!" की बाहेरच्या खोलीतून उत्तर यायचं, "बरोबर आहे." उठायचं मात्र कोणी नाही. आम्ही भाचरं पोट धरून हसायचो. ओटा मामी पुसायची.

वाईट नव्हते मामा. कधी आवाज चढवला नाही, हात उगारणं तर दूरच. फक्त समोरचा जेवढे शब्द बोलेल तेवढेच त्यांना ऐकू यायचे, आणि स्वतःही ते मोजूनमापून तेवढंच बोलायचे.

त्यांची एकुलती एक मुलगी चणीने लहान, म्हणून घरात तिचं नाव टिकली. मामांच्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर ती घरं काढत बसायची. जिना कुठे, मोरी कुठे, कुठल्या खिडकीतून किती वाजता ऊन येणार, तेसुद्धा. तिला वास्तुकला शिकायची होती, दुसऱ्या शहरात राहून. शाळेच्या शेवटच्या वर्षी मामा तिला म्हणाले, "वर्गात पहिली आलीस तर पाठवीन."

टिकली दुसरी आली. तीन गुणांनी हुकलं.

निकालाच्या दिवशी मी तिथेच होते. तिने गुणपत्रक मामांच्या हातात दिलं, ते "छान" म्हणाले, आणि ती आत येऊन माझ्याबरोबर शेंगा सोलायला बसली. आठवडाभरात कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात तिने नोकरी धरली. वास्तुकलेच्या कॉलेजच्या अर्जाची मुदत त्याच्या पुढच्या शनिवारी संपली.

सोमवारी सकाळी मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "काय गं, तुला काही विचारायचं नाही?"

"काय विचारू?"

"पहिली आलीस तर पाठवीन, असं म्हटलं होतं मी. नाही आलीस तर पाठवणार नाही, असं म्हटलं होतं का?"

मामांनी टेबलाच्या खणातून अर्ज काढला. पालकांच्या जागी त्यांची सही, खाली निकालाच्या दिवसाची तारीख. "सतरा दिवस वाट बघतोय. म्हटलं, माझी मुलगी आहे, हिच्या लक्षात येईल. पहिल्याच धड्यात शिकवतो मी हे."

"ती काय तुमच्या वर्गात बसलीय?" मामीचा आवाज फाटला. "बाप असं बोलला की पोरीला काय कळायचं ते कळतं. दारावरच्या भाजीवालीलाही कळलं असतं! परीक्षा कसली घेत बसलात?"

"पण वाक्यात तसं..."

"चुलीत घाला ते वाक्य!"

त्याच दिवशी मामा टिकलीला घेऊन बसने त्या कॉलेजात गेले. खिडकीवरच्या कारकुनाला त्यांनी भिंतीवरची सूचना वाचून दाखवली: शनिवारपर्यंत आलेले अर्ज स्वीकारले जातील. "नंतरचे स्वीकारणार नाही, असं यात कुठेही लिहिलेलं नाही," मामा म्हणाले.

कारकुनाने रांगेकडे बघून डोळा मारला. "अगदी बरोबर आहे काका तुमचं. आता जरा बाजूला व्हा." सगळी रांग हसली. हे मला टिकलीनेच सांगितलं, सपाट आवाजात. बाबांचे कान लाल झाले होते, म्हणाली.

पुढच्या वर्षी मामांनी वेळेत अर्ज आणून दिला. तिने तो घेतला आणि भरला नाही. मी खूप समजावलं. "तेव्हा वाटलं होतं, मी हरले," ती म्हणाली. "हरले असते तर चाललं असतं गं ताई. मला खेळवलं."

बावीस वर्षं झाली, टिकली त्याच दुकानात आहे. लोकांच्या नाकावर चष्मा बसवते, काड्या वाकवून देते. घरी आल्यावर कामापुरतं बोलते. गेल्या महिन्यात मी गेले होते तेव्हा, जेवता जेवता, मामांनी तिला विचारलं, "टिकले, माझ्यावर राग आहे का तुझा?"

"नाही बाबा."

मामांचा चेहरा एकदम हलका झाला. त्यांनी आणखी भात मागून घेतला. वाढताना मामीने माझ्याकडे पाहिलं नाही, मीही मान वर केली नाही.