दोन भोंग्यांमधली पंगत

सुगंधावहिनी आमच्या शेजारच्या खोलीत राहायला आल्या, तेव्हा त्यांचं सामान म्हणजे एक ट्रंक, एक जातं आणि दहा माणसांचं जेवण मावेल असं पितळी पातेलं. जातं बघून मला हसू आलं. आमच्या बोईसरच्या चाळीच्या तोंडाशीच पिठाची गिरणी होती. एवढा धोंडा पार मराठवाड्यातल्या परतूरहून कशाला वाहून आणायचा? मी तसं म्हणालेही, कारण तोंड आवरणं मला कधी जमलं नाही. त्या नुसत्या हसल्या. म्हणाल्या, "हुलगं गिरणीत दळलं की त्याला पोळल्याचा वास येतो बगा, ताई." हुलगं म्हणजे आमचं कुळीथ, हे मला त्याच दिवशी कळलं. माझं माहेर इकडचंच, समुद्रकाठच्या दातिवऱ्याचं. आमच्याकडे कुळथाची पिठी करतात, तीही मासळी नसेल त्या दिवशी, तोंड वाकडं करून.

वहिनी त्याच पिठाचे शेंगोळे करायच्या. लसूण, जिरं, तिखट घालून पीठ घट्ट मळायचं, तळहातांवर लांब लांब वळायचं आणि उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडायचं. वळायला घर सगळं बसायचं. थोरला पुंजाराम शहाण्यासारखे सारखे वळायचा; धाकटा खंडेराव साप, विंचू आणि मास्तरांच्या मिशा करायचा. त्यांचे वडील रामकिसनभाऊ कापड रंगवायच्या कारखान्यात होते, त्यांची नखं कायम निळी. तेही वळायला बसले की मी दारातून ओरडायची, "वहिनी, भाऊंचे येगळे शिजवा, नायतर आख्खं पातेलं निळं होईल!"

जेवायला बसले की भाऊ ताटाला हात लावायच्या आधी विचारायचे, "समदे आले का?" खोली केवढी, तर चार पावलांची. समदे म्हणजे दोन पोरं, समोरच बसलेली. तरी विचारायचे. वहिनी "आले" म्हणायच्या, मग पहिला घास. त्यांच्या गावी खळ्यावर रास झाली की अशी पंगत बसायची म्हणे, आणि शेवटचा माणूस हात धुऊन येईपर्यंत कुणी भाकरी मोडत नसे. वहिनी वाढायच्या. आम्ही बायका मागून जेवतो, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

अठ्ठ्याहत्तर-ऐंशी सालातल्या त्या संध्याकाळी आठवल्या की अजून हातातलं काम थांबतं. तारापूरच्या बाजूने खारा वारा यायचा, चाळीतल्या सगळ्या स्टोव्हची घरघर एकदम थांबायची आणि वहिनींच्या दारातून लसणाची वाफ बाहेर पडायची. त्या वाफेत त्यांचा चेहरा अर्धा दिसायचा, अर्धा नाही. मी माझ्या उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसलेली असे. मला वाटे, ही खोली इथली नाहीच. वाफेबरोबर अलगद उचलली जाते, तिकडे परतूरच्या खळ्यावर जाऊन टेकते आणि जेवणं उरकली की परत आपल्या जागी येऊन बसते. कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. वहिनींना एकदा सांगितलं, तर त्या हसल्या नाहीत. "मला बी तसंच वाटतं," म्हणाल्या.

पोरं मोठी झाली आणि दोघांनाही इथल्याच कारखान्यांत कामं लागली. पेढे वाटले, आम्ही सगळ्यांनी खाल्ले. आणि त्या घराचा एसटी स्टँड झाला. तिघं तीन कंपन्यांत, तिघांच्या तीन पाळ्या. एक येतोय, एक निघालाय, एक तोंडावर चादर घेऊन झोपलाय. पाळ्या दर आठवड्याला बदलायच्या, पण तिघांच्या एकदमच, त्यामुळे गाठ पडायची ती कधी पडायचीच नाही. वहिनी दिवसभर ताटं झाकायच्या आणि ताटं उघडायच्या. भाजी-भाकरी झाकून चालते; शेंगोळे चालत नाहीत. गार झाले की रस्सा आटून त्यांचा गोळा होतो, मग चमच्यानं तोडावा लागतो. हळूहळू पातेलं माळ्यावर गेलं.

वहिनींनी काय करावं? एक दिवस नवं लुगडं नेसून सरळ खंडूच्या कंपनीच्या गेटवर गेल्या आणि त्याच्या सुपरवायझरला म्हणाल्या, माझ्या पोराची पाळी त्याच्या बापाबरोबर करा. कशासाठी, तर जेवायला. तो भला माणूस होता, उत्तरेकडचा. त्याने खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाला, "माताजी, कंपनी रोटी के टाइम पे नहीं चलती." हे मला सांगताना त्या पोट धरून हसत होत्या, आणि हसता हसताच पदर डोळ्यांना लावला. खंडूने मात्र महिनाभर मित्रांची चेष्टा सोसली.

पण बाई हट्टाची. भाऊंची कंपनी बाकीच्यांपेक्षा अर्धा तास आधी सुटायची, हे तिने हेरलं. ज्या आठवड्यात भाऊ पहिल्या पाळीला, पुंजा दुसऱ्या पाळीला आणि खंडू रात्रपाळीला, त्या आठवड्यात दुपारी भाऊंच्या भोंग्यापासून पुंजाच्या भोंग्यापर्यंत तिघंही मोकळे. फक्त घरी यायला-जायला वेळ पुरायचा नाही. मग जेवणच तिकडे न्यायचं! दोन्ही कारखान्यांच्या मध्ये नाल्यावर एक छोटा पूल होता, पुलाशेजारी शिरीषाचं झाड. माळ्यावरचं पातेलं खाली आलं. खंडूला झोपेतून उठवून त्याच्या हातात ताटं दिली, पाण्याची कळशी माझ्या कमरेवर, आणि पातेलं वहिनींच्या डोक्यावर, चुंबळीवर, फडक्यात गुंडाळलेलं.

मी वाटेत बडबडत होते. "तुमचं डोकं फिरलाय, वहिनी. लोक काय बोलतील? रस्त्यात पंगत मांडली म्हनतील." त्या म्हणाल्या, "म्हनू द्या."

नाल्याचं पाणी त्या दिवशी तांबडं होतं. दुसऱ्या दिवशी हिरवं असायचं. वास काय सांगावा! पण पातेल्यावरचं झाकण निघालं आणि तो वास कुठे गेला कोण जाणे. भाऊ भोंगा होताच लांबलांब ढांगा टाकत आले. पुंजा कामाच्या कपड्यातच सायकल टाकून बसला. खंडू अर्धा झोपेत. भाऊंनी त्या रस्त्याच्या कडेला, ट्रकच्या धुरळ्यात, विचारलं, "समदे आले का?" आणि वहिनी "आले" म्हणाल्या. शिरीषाची फुलं ताटात पडत होती, ती बाजूला सारून तिघं मुकाट्याने जेवत होते. मला पुन्हा तसंच वाटलं, की हा पूल आता उचलला जाणार. पलीकडच्या भोंग्याने तो खाली ठेवला. पुंजा तोंडातला घास चावत चावत सायकलवर बसला.

तीन आठवड्यांतून एक आठवडा, असं दोन-अडीच वर्षं चाललं. पहिल्यांदा हसणारे येणारे-जाणारे कामगार नंतर स्वतःच डब्याचं झाकण पुढे करू लागले. त्या आठवड्याची वहिनी सणासारखी वाट बघायच्या.

मग पुंजाच्या कंपनीत कॅन्टीन झालं. मग त्याचं लग्न, मग खंडूचं. चाळीत मागची खोली घेतली, सुना आल्या, टीव्ही आला. आणि ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला नशीब असं पालटलं, की तिघांनाही दिवसपाळीच मिळाली. संध्याकाळी सगळे घरात! वहिनींनी त्या दिवशी दुपारपासून जातं फिरवलं. मला भिंतीपलीकडून घरघर ऐकू येत होती आणि माझाही जीव सुखावला होता.

मी वाटीभर घ्यायला म्हणून गेले, तर भाऊ एकटे ताटावर बसलेले. पुंजा कॅन्टीनमध्ये खाऊन आला होता. त्याची बायको म्हणाली, मी नंतर बसते. खंडू ताट मांडीवर घेऊन टीव्हीसमोर, त्याची बायको त्याच्या शेजारी. "समदे आले का?" भाऊंनी विचारलं. टीव्हीचा आवाज मोठा होता. वहिनी भाऊंकडे बघत राहिल्या. त्या "आले" म्हणाल्या नाहीत आणि "नाही"ही म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळाने भाऊंनी खाली बघून घास घेतला.

मला असा संताप आला! "काय रे खंड्या," मी म्हणाले, "त्या नाल्यावर मातीत बसून खाल्लास ना? आता घरात बसवत नाय तुला?" तो म्हणाला, "काकू, तवा वेळ नव्हता. आता रोजच हाय की घरी." त्याचं चुकलं असं तरी कसं म्हणू? रोजच होता घरी. पातेल्यातले शेंगोळे सकाळी गोळा झालेले वहिनींनी माझ्याशिवाय कुणाला दाखवले नाहीत. भाऊंनी त्यानंतर तो प्रश्न कधी विचारला नाही.

पुढे पुंजा वापीला गेला. खंडूने पालघरला ब्लॉक घेतला. दोघंही चांगले आहेत, सणाला येतात, सुनाही गुणाच्या आहेत. उगाच कुणाला नावं ठेवू नयेत. सत्त्याण्णव साली भाऊ निवृत्त झाले. नखांचा निळा रंग उतरायला बरेच महिने लागले.

त्यानंतरच्याच एका सकाळी वहिनी माझ्याकडे आल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. चेहरा असा, की रडून आल्यात की हसून, ते मला कळेना. मी म्हटलं, "काय झाला?"

"काल सांजच्याला शेंगोळे केले," त्या म्हणाल्या. "दोघांपुरते. ह्यांना वाढलं. तर हे हात लावंनात. म्हनले, तुझं बी ताट घे. मी म्हनलं, तुमी बसा, मी बसते की मागून. तर म्हनले, मागून म्हंजी कोनाच्या मागून? हाय कोन आता?"

"मग?"

"मग बसले की शेजारी. पन ताई, मला ठावंच नाही हो कसं जेवायचं ते. सारी उमर उभ्या-उभ्यानं नाहीतर घाईनं खाल्लं. ह्यांची अर्धी भाकर व्हती तवर माझं ताट रिकामं. मी उठाया लागले. तर हे म्हनले, थांब की. माझं व्हायचं हाय अजून."

त्या पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिल्या.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"अजून एक वाडगं वाढून घेतलं," त्या म्हणाल्या. "भूक कुठली हो. पन उठूच वाटंना."