काचेच्या बरणीखालची मेणबत्ती

आग विझवण्याच्या धंद्यातला माणूस शूर असणार, अशी लोकांची उगाच एक समजूत असते. मामांशी थोडा वेळ बोललं की ती आपोआप उतरायची.

मामांचं काम म्हणजे कचेऱ्या, गोदामं, दवाखाने यांच्या भिंतींवर टांगलेले आग विझवायचे लाल सिलिंडर तपासणं. दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, पिन जागेवर आहे ना, रबरी नळी उंदरानं कुरतडली नाही ना. वर्षानुवर्षं हेच बघून त्यांची नजर नासली होती. खोलीत शिरल्यावर आपल्याला खुर्ची, पंखा, कॅलेंडर दिसतं. मामांना यातलं आधी काय पेटेल ते दिसायचं. गॅसचं बटण ते झोपायच्या आधी तपासत, आणि तपासलं की नाही ते आठवेना म्हणून अंथरुणातून उठून पुन्हा तपासत. "ह्यांना घाबरायचा पगार मिळतो," मामी जिन्यात सगळ्यांना सांगायची, "आणि घरी येऊन हे जादा काम करतात."

शेजारपाजारच्यांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. तळमजल्यावरच्या बर्फवाल्यानं आपला बिघडलेला जुना फ्रिज मागच्या अंगणात काढून ठेवला, तेव्हा मामा पक्कड घेऊन खाली गेले. वायर मुळापासून कापली, टोकाला चिकटपट्टी गुंडाळली आणि समाधानानं हात झटकले.

"मामा, अहो तो मेलाय कधीच," बर्फवाला म्हणाला. "मेल्यावर कुठं शॉक देतो तो?"

"विजेचा भरवसा धरू नये. आता बघा, हे नुसतं कपाट झालं. पोरं खेळली तरी हरकत नाही."

पोरं तिथंच उभी होती. त्यांत भिंगरीही होती.

खरं म्हणजे मामा एकट्या भिंगरीचेच मामा. ती त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी, चौथीतली. एका जागी बसणं तिला कधी मंजूरच नव्हतं, म्हणून हे नाव. बहीण दवाखान्याच्या धुलाई विभागात कामाला. शाळा सुटली की पोरगी मामाच्या घरी, आणि दिवेलागणीला आई येऊन तिला घेऊन जायची. सांभाळायला दुसरी घरं नव्हती असं नाही. पण बहीण म्हणायची, "दादाकडे असली की मला घोर नसतो. तो तिला सुईसुद्धा बोथट करून दाखवेल."

भिंगरी मामांना विज्ञानाचे प्रश्न विचारायची. तिचं बघून समोरची रेडिओ यायला लागली. (ही मुलगी उठल्यापासून झोपेपर्यंत बोलत असे, म्हणून रेडिओ.) मग वरच्या मजल्यावरची भावंडं आली, आणि बघता बघता मामांच्या दारासमोर जिन्याच्या वळणावर संध्याकाळची शाळाच भरू लागली. मामा काही फार शिकलेले नव्हते. पुस्तकातला धडा तेही पोरांबरोबरच पहिल्यांदा वाचत. पण त्यांनी एक पद्धत पाडली होती. पोरानं पुस्तकातलं उत्तर घडाघडा म्हटलं की मामा हात पुढे करत आणि म्हणत, "पुरावा?"

म्हणजे दुसऱ्या दिवशी पोरानं ते करून बघून यायचं आणि काहीतरी आणून दाखवायचं. पाण्यात काय काय विरघळतं, या प्रश्नापायी मामीचा साखरेचा डबा रिकामा झाला. लोहचुंबकाला काय चिकटतं, यासाठी वरच्या मजल्यावरचा धाकटा बापाच्या पट्ट्याचं बक्कल घेऊन आला. पट्टा पँटीत होता, म्हणून पँटही घेऊन आला. बाप टॉवेल गुंडाळून मागोमाग.

अर्थात मामा ते मामाच. पुरावा आणायला सोडण्याआधी ते रोज हात वर करून एकेक बोट मोजायला लावत. "करंगळी?" "आग!" "शेजारची?" "वीज!" "मधलं?" "पाणी!" "पुढचं?" "उंची!" या चार गोष्टींच्या वाटेला कुणी जायचं नाही. तेवढं सोडून काय वाटेल ते करा. अंगठा मोकळाच राहायचा.

त्या दिवशीचा प्रश्न होता, 'सजीवांना हवेची गरज असते, हे उदाहरणासह स्पष्ट करा.' मामा खुलले, कारण हा तर त्यांच्या धंद्यातलाच प्रश्न. कचेऱ्यांमध्ये माणसांना समजावताना ते एक खेळ करून दाखवत. त्यासाठीची काचेची बरणी आणि मेणबत्ती त्यांच्या पिशवीत कायम असत. मेणबत्ती पेटवून त्यांनी वर बरणी पालथी घातली. ज्योत बारीक झाली, थरथरली आणि तिनं मान टाकली.

"का विझली?"

"हवा संपली!" पोरं ओरडली.

"पण मेणबत्ती सजीव कुठंय?" भिंगरी म्हणाली.

मामा जरा अडखळले. "सजीव नाही, पण तसंच समज. तिला हवा लागते, आपल्यालाही लागते."

"माणसावर बरणी ठेवली तर?"

"ठेव की माझ्यावर. तुझी मामी तरी सुखी होईल."

"बरणी मी घासून ठेवते!" आतून मामीचा आवाज आला आणि अख्खा जिना हसला.

भिंगरी हसली नाही. ती बरणीच्या काचेवर साचलेल्या काजळीकडे बघत होती. "पण पुरावा काय, मामा?"

मामा मेणबत्ती कागदात गुंडाळत होते, कान दुसऱ्याच पोराच्या प्रश्नाकडे होते. तोंडातून सवयीनं निघालं, "पुरावा तू आणायचा. मी कुठून आणू?"

दुसऱ्या दिवशी ते कामावरून आले तर पोरं जमलेली होती. भिंगरी नव्हती.

"आत्ताच दप्तर टाकून खाली पळाली," मामी म्हणाली. "रेडिओबरोबर."

रेडिओ तर समोर बसली होती. मामांनी चपला काढल्या, पाणी प्यायले, कुणाचा तरी वनस्पतींचा प्रश्न वाचायला घेतला. पण काहीतरी चुकत होतं. कुठल्याशा कचेरीत शिरल्यावर जळका वास यावा आणि कुठून येतोय ते कळू नये, तसं. मग लक्षात आलं. जिन्यात शांतता होती.

"काय गं रेडिओ? आज स्टेशन लागत नाही का?"

पोरं खिदळली. रेडिओ सतरंजीचा दोरा उपसत राहिली. तिच्या बोटांना गंज लागला होता.

"भिंगरी कुठंय?"

"पुरावा आणायला गेलीय."

"कसला पुरावा?"

"हवेचा."

मामांनी हातातलं पुस्तक मिटलं. पहिल्यांदा आठवली ती गच्चीवरची पाण्याची टाकी. पण टाकीत पाणी आणि गच्चीला उंची. भिंगरी तिकडे जाणार नाही. ती ऐकणारी पोरगी होती. चारही बोटं ती पाळणार म्हणजे पाळणार. आणि आयुष्यात पहिल्यांदाच मामांना तिच्या ऐकण्याची भीती वाटली. चार बोटं सोडून जे काही उरतं, त्यात ती असणार होती.

झाकण असलेलं मोठं काय? ते घरात धावले, दिवाणाची फळी उचलली. गोधड्या. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याकडे गेले आणि काही न बोलता त्याची पेटी उघडली. कापडं. "मामा, पेटीत आग लागलीय का?" शिंपी म्हणाला, पण त्यांचा चेहरा बघून त्याचं हसू विरलं. मामा परत वर धावत आले तर रेडिओ जिन्याच्या मधोमध उभी होती.

"मी ओढलं, मामा. खूप ओढलं. उघडलंच नाही." ती आता रडत होती. "ती म्हणाली, गुदमरायला लागलं की टकटक करीन, मग तू उघड. टकटक ऐकूच आली नाही. मग मी ओढलं…"

"काय ओढलं?"

"बर्फवाल्याचा फ्रिज."

पोरं खेळली तरी हरकत नाही. आपलंच वाक्य मामांच्या कानात वाजलं. ते कसे उतरले, कुणाला ढकललं, हे त्यांना पुढं कधी सांगता आलं नाही.

अंगणात फ्रिज होता. आतल्या जाळ्या काढून भिंतीला नीट टेकवून ठेवल्या होत्या. दारापाशी भिंगरीच्या चपला होत्या, एकीला एक चिकटून, देवळाबाहेर काढाव्यात तशा. आणि दार बंद होतं. ते जुन्या पद्धतीचं दार. मिटलं की खटका बसायचा आणि आतून कितीही रेटलं तरी सुटायचा नाही.

"भिंगरे!"

आतून काही नाही.

मामांनी मूठ ओढली. हाताला घाम होता, मूठ निसटली. पुन्हा ओढली. हजार माणसांना ज्यानं शांतपणे सांगितलं होतं, घाबरू नका, आधी पिन काढा, मग मूठ दाबा, त्याच्या बोटांना आता मूठ म्हणजे काय हेच आठवेना. ते दारावर बुक्के मारत होते. पत्र्याचा भद्द आवाज येत होता, आणि त्या आवाजानंच त्यांना कळलं की आतून टकटक का ऐकू आली नाही.

"उचला! उचलून ओढा!" बर्फवाला दुकानातून ओरडत आला. "तशी नाही निघत ती, वर उचला आधी!"

त्यानंच ती उचलली. खटका सुटला.

भिंगरी आत गुडघे हनुवटीला लावून बसली होती. केस कपाळाला चिकटलेले, ओठांचा रंग गेलेला, डोळे अर्धे उघडे. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. मामांनी तिला ओढून बाहेर घेतलं, तर तिची मान त्यांच्या दंडावरून कलंडली. काल मेणबत्तीनं टाकली होती, अगदी तशी.

"श्वास घे. भिंगरे, घे गं. घे ना."

मामी धावत आली होती, हातातल्या ताटलीनंच वारा घालत होती. जिन्यात पोरं उभी होती, आणि एवढी पोरं असून एकही आवाज नव्हता. मग भिंगरीच्या छातीत काहीतरी अडकल्यासारखं झालं, तिनं मोठ्ठा श्वास ओढला आणि भोकाड पसरलं. कुणाचं रडणं त्या इमारतीत कधी एवढं गोड लागलं नसेल.

नाक्यावरचे डॉक्टर आले. त्यांनी तिला तपासलं, मग उठून फ्रिजचं दार बघितलं. खालच्या कोपऱ्यात दाराचं रबर उंदरांनी कुरतडलेलं होतं. बोटभर फट. "ह्या फटीनं वाचवलं," ते म्हणाले. आयुष्यभर मामांनी उंदरांच्या नावानं बोटं मोडली होती. ते फटीकडे बघतच राहिले. "मूल ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "आता तुमची नाडी द्या इकडे."

दिवेलागण होत आली, बहीण यायची वेळ झाली, तशी मामांना दुसरीच भीती चढायला लागली. मामी त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "आज नका सांगू. दमून येते बिचारी. दोन दिवसांनी सांगू, जरा थंड झालं की."

बहीण आली. साबणाचा वास, हातांना सुरकुत्या. "काय गं, एवढा घाम?"

"पळापळी खेळत होतो," भिंगरी पटकन म्हणाली आणि मामांकडे बघितलं. ती त्यांना वाचवत होती.

मामांना वाटलं, बस, झालं. एवढं ऐकून घ्यायचं आणि गप्प बसायचं. दप्तर हातात द्यायचं, उद्या पोरगी येईलच. त्यांनी दप्तर उचललंही. पण ते बहिणीच्या हातात जाईना.

"खेळत नव्हती," ते म्हणाले. "फ्रिजमध्ये कोंडली गेली होती. मागच्या. मी तिला पुरावा आणायला सांगितलं होतं."

बहिणीला समजायला वेळ लागला. मग तिनं भिंगरीच्या चेहऱ्यावरून, मानेवरून, हातांवरून हात फिरवला, सगळं जागेवर आहे ना बघावं तसा. ती ओरडेल, याची मामा वाट बघत होते. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"दादा, तू?" एवढंच ती म्हणाली. पोरीला कडेवर घेतलं, चौथीतल्या पोरीला, आणि जिना उतरून गेली.

त्याच संध्याकाळी मामांनी स्क्रूड्रायव्हर घेऊन फ्रिजचं दार बिजागरीतून काढलं. बर्फवाला कंदील धरून उभा होता.

पुढं बरेच दिवस भिंगरी आली नाही. ती शाळेतून दुसऱ्या कुणाकडे तरी जात होती, असं कानावर आलं. जिन्याची शाळा आपोआप मोडली. रेडिओ येऊन उंबऱ्यावर बसायची, थोडं बोलायची आणि जायची. मामा गॅसचं बटण आता तपासायचे नाहीत. ते उठून दारं तपासायचे, आणि बंद नाहीत ना ते बघायचे.

मग एका सुट्टीच्या दिवशी बहीण आली. बरोबर भिंगरी.

"हिला प्रश्न अडलाय," बहीण म्हणाली. "दुसऱ्या कुणाला विचारायचा नाही म्हणते. पण मी बसणार इथं. जाणार नाही."

"बस," मामा म्हणाले. त्यांनी सतरंजी झटकून अंथरली.

प्रश्न सावल्यांचा होता. भिंगरीनं पुस्तकातलं उत्तर म्हणून दाखवलं आणि सवयीनं मामांच्या हाताकडे बघितलं. हात पुढं आला नाही.

"चल, खाली उन्हात जाऊ," ते म्हणाले. "आपण सगळेच जाऊ."

मामा अजून कामाला जातात. कचेऱ्यांमध्ये मेणबत्ती पेटवतात, वर बरणी पालथी घालतात. ज्योत बारीक होते, थरथरायला लागते. आणि ती मान टाकायच्या आत ते बरणी उचलून घेतात.

"अहो, विझली कुठं?" लोक हसतात. "खेळ अर्धाच केलात की!"

"विझते," मामा बरणी पुसत म्हणतात. "माझ्यावर विश्वास ठेवा."