व्याख्यानाचं चूलबंद आवतन

सभागृह भरावं एवढीच माझी इच्छा होती आणि ते भरलं. तक्रारीला जागा नाही. (बसायलाही नव्हती.)

झालं असं, की विद्यापीठाच्या वाशीमच्या केंद्रात सर्वांसाठी खुली व्याख्यानं आणि प्रशिक्षणं सुरू होणार होती. आगामी कार्यक्रमांची पत्रिका निघाली आणि वक्त्यांमध्ये पहिलंच नाव माझं! विषय, 'कार्यक्रमाचे नियोजन'. मी रिसोडच्या एका कॉलेजात शिकवतो. माझ्या तासाला मुलं हजेरीपुरती येतात, हे मला ठाऊक आहे. केंद्राच्या मॅडमना ते ठाऊक नव्हतं, पण शंका असावी.

"सर, पहिल्या व्याख्यानाला लोक आले, तर पुढची व्याख्यानंही तुम्हालाच देऊ. नाहीतर मग बघावं लागेल."

 मला ती व्याख्यानं हवी होती, अगदी मनापासून. बायकोला तर मी ती मिळालीच असं सांगूनही बसलो होतो! शेवटी आसेगावला काकांना फोन लावला. वडिलांच्या मागे तेच आमचे वडीलधारे.

"काकाजी, वाशीमले माह्यं भाषन हाय. थोडे मानसं घेऊन या."

"थोडे काहून? हॉल भरून टाकू ना बाप्पा! कोनाकोनाले सांगू?"

"सर्वायले. सर्वायसाठी खुलं हाय."

"सर्वायले?" काकांनी खात्री करून घेतली. "म्हंजे चूलबंद समजू?"

मी त्या वेळी भाषणाची सुरुवात शेरानं करावी की सुभाषितानं, या विवंचनेत होतो. "हो हो," म्हणालो आणि फोन ठेवला.

चूलबंद आवतन म्हणजे घरातल्या एकट्यादुकट्याला नव्हे, अख्ख्या घराला जेवायचं बोलावणं. त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे. (पीएच.डी. झाल्यावर माणूस काय काय विसरतो!)

व्याख्यानाच्या दिवशी केंद्रासमोर जीपगाड्या लागल्या. मागून टेम्पो आला. म्हातारे, बाया, कडेवरची लेकरं. मॅडम हरखून गेल्या. "सर, एवढा प्रतिसाद!" मी कोटाचं बटण लावलं आणि 'असतातच आपले काही चाहते' अशा चेहऱ्यानं मंचावर चढलो.

"नियोजनाची पहिली पायरी म्हणजे येणाऱ्या माणसांचा अंदाज!" मी गर्जलो. टाळ्या पडल्या. मग हळूहळू माझ्या ध्यानात आलं, की लोक माझ्याकडे न बघता दाराकडे बघताहेत. पहिल्या रांगेतून काकांच्या शेजारच्या गयाबाई उठल्या.

"दिनू, पंगत कोठी हाय रे?"

"मावशी, प्रश्न शेवटी घेऊ."

"शेवटी कायले? लेकरं सकाळपासून उपाशी हायेत!"

"सर, कसली पंगत?" मॅडमनी हळूच विचारलं. मी पाणी प्यायच्या निमित्तानं खाली उतरून काकांना गाठलं.

"काकाजी, जेवनाचं कोनं सांगतलं?"

"तूच ना! आज अर्ध्या गावात चूल पेटली नाही."

"अजी, इथं फक्त चहा-बिस्किट हाय!"

काकांचा चेहरा पडला. "जेवनाबिगर मानसं बोलावली? आता गावात तोंड कसं दाखवू मी?" मला फार वाईट वाटलं. या वयात बिचारे घरोघर हिंडून माझ्या नावानं आवतन देऊन आले होते. मी मॅडमच्या हातापाया पडलो.

त्यांनी आम्हाला केंद्राच्या खानावळीत नेलं. तिथे प्रशिक्षणार्थींसाठी वांग्याची भाजी शिजत होती. गयाबाईंनी आत शिरून भाजीच्या गंजाचं, म्हणजे पातेल्याचं, झाकण उचललं. "एवढ्यात काय होते? आमची एक गल्ली बी नाही जेवाची!" त्यांनी पदर खोचला. मागोमाग साऱ्या बाया आत गेल्या. खानावळीच्या आचाऱ्याला कांदे चिरायला बसवलं. किराणा माझ्या खिशातून आला. काका वरणाला फोडणी द्यायला उभे राहिले. अन्नप्रक्रियेचं प्रशिक्षण घेणारे वर्ग सोडून बघायला आले आणि त्यांच्या सरांनी 'हे आजचं प्रात्यक्षिक' असं जाहीर करून टाकलं! मला वाढायला घेतलं. छातीवर 'प्रमुख वक्ते' असा बिल्ला, हातात वरणाची बादली.

"वक्ते, इकडे वरन!" पंगतीतून हाका येत होत्या. कॉलेजात इतक्या आपुलकीनं मला कोणी कधी बोलावलेलं नाही.

मॅडमही पानावर बसल्या. दोनदा भाजी मागून घेतली. काकांना चारचौघांनी "झकास झालं" म्हटलं, तेव्हा कुठे त्यांच्या घशाखाली घास उतरला. जेवणं झाल्यावर मॅडमनी गयाबाईंपुढे माइक धरला. "मावशी, कार्यक्रम कसा वाटला?"

"लय बेस! वांगे तं असे झाले का विचारू नका. फक्त जेवनाच्या पह्यले दिनूनं जे चालवलं होतं ना, ते पुढच्या बारीनं नका ठेवजा."

मॅडम हसल्या. मला म्हणाल्या, "सर, तुमचं नाव पुढच्या पत्रिकेत पक्कं." मी तिथूनच घरी फोन करून बायकोला सांगितलं.

गेल्या आठवड्यात ती पत्रिका आली. आगामी व्याख्यानं, वक्ते, विषय. मी वरून खाली दोनदा वाचली. मॅडमनी शब्द पाळला होता. अगदी तळाशी, पदवीसकट, ठळक अक्षरांत छापलं होतं, 'भोजन व्यवस्था: डॉ. दिनकर सर'.