देवयानीचा फोटो आणि खांद्यावरचा हात

आधी माफी मागतो. मासिकात लिहावं एवढा मी मोठा नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, चारचौघांसमोर काही मांडायची सवय नाही. त्यात मी फिजिक्सचा विद्यार्थी. असले अनुभव सांगणाऱ्यांना मी हसायचो... पण हे माझ्याच बाबतीत घडलं, म्हणून धीर करतो.

स्थळ — मुलुंड पश्चिम, डोंगराच्या बाजूला, माझा मित्र दिलीप याच्या काकांच्या बैठ्या घरामागचं अंगण. वेळ — गेल्या डिसेंबरातली, अमावस्येच्या आसपासची संध्याकाळ. काकांना सगळे तात्या म्हणतात. त्यांनी स्वतः आरसा घासून दुर्बीण बनवली आणि आम्हा दोघांना वेड लावलं. त्यांचा एक डोळा पूर्वीच गेलेला. दुसऱ्याच्या ऑपरेशनसाठी ते कोल्हापूरला बहिणीकडे गेले होते. जाताना म्हणाले, "पोरांनो, देवयानी दीर्घिकेचा एक फोटो काढून पाठवा. पट्टी सुटल्यावर दिसलंच, तर पहिलं तेच बघेन." डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती.

काम असं — कॅमेरा दुर्बिणीच्या पाठीवर बांधायचा आणि शटर अर्धा तास उघडं ठेवायचं. आकाश सरकत असतं, म्हणून एकाने दुर्बिणीला डोळा लावून एक तारा आतल्या बारीक फुलीवर धरायचा, हाताने नॉब फिरवत राहायचं; यालाच गायडिंग म्हणतात. हात थांबला की तारा सुटतो आणि फोटोत ठिपक्यांच्या रेघा होतात. डोळा दमला की जोडीदार बसतो. तात्यांचा नियम — बदलताना बोलायचं नाही, माणूस दचकतो. बसायला येणाऱ्याने खांदा दाबायचा, नॉब हातात घ्यायचा, मग पहिल्याने उठायचं.

मी नॉबवर होतो. डोळ्यातून पाणी येत होतं, एकाचे दोन तारे दिसायला लागले होते... आणि खांद्यावर दाब आला. घट्ट. माझ्या बोटांतून कोणीतरी नॉब घेतला. हायसं वाटून मी उठलो आणि अंधारातच नळावर जाऊन डोळे धुतले.

तेवढ्यात फाटकातून दिलीप हसत आला. "अरे, शेजारच्या सावंत वहिनींनी मागचा बल्ब लावला होता, तो बंद करायला सांगून आलो. म्हणतात, 'चांदण्यांका काय लाज वाटता रे?'"

"तू इथे? मग तिकडे कोण बसलंय?"

"कोण म्हणजे? तू उठलास? वाट लावलीस यार!"

आम्ही धावलो. स्टूल रिकामं. दिलीपने डोळा लावला. तसा ओरडलाच, "फुलीवर आहे! अरे, बरोब्बर फुलीवर!" नॉब धरून त्यानेच उरलेली वेळ पूर्ण केली.

मोरीत लाल बल्ब लावून प्रिंट काढली. कागदावर आधी काहीच नव्हतं, मग हळूहळू तो लांबट धूसर ढग उमटला — देवयानी! — आणि भोवती सगळे तारे टाचणीच्या टोकासारखे गोल. एकही रेघ नाही. आम्ही मोरीतच नाचलो. दुसऱ्याच दिवशी फोटो पोस्टाने पाठवला.

मग दिलीप हळूच म्हणाला, "तो हात... तात्यांचा तर नसेल ना रे?"

तो कशाला घाबरतोय हे मला कळलं. ऑपरेशन त्याच आठवड्यात होतं आणि कोल्हापूरहून काही निरोप नव्हता. ट्रंक कॉल लागत नव्हता. भीती घालवायला, तारा आपोआप फुलीवर राहू शकतो का हे बघायला, मी नंतर पुन्हा पुन्हा नॉब सोडून पाहिला. दर वेळी तारा फुलीवरून निघून गेला. मला आजही याचा उलगडा झालेला नाही. कोणा वाचकाला झाला तर जरूर कळवावं.

अखेर एका दुपारी दिलीप आमच्या चाळीचा जिना धडाधड चढत आला. "दिसतंय रे! तात्यांना दिसतंय! आत्याचा फोन आला. पट्टी सुटल्या सुटल्या फोटो नाकाला लावून बसले. आणि विचारतायत काय माहितीये? 'एवढा स्थिर हात तुम्हा दोघांचा नव्हे. गायडिंग कोणी केलं?'"